अंगाईची सही

पाळण्याने अंगाई म्हटली की रेवा झोपायची. शर्वरीने म्हटली की रडायची. आवाज मात्र शर्वरीचाच होता, बाळंतपणाच्या रजेत रेकॉर्ड करून, कुणी बदल केला तर कळावा म्हणून डिजिटल सही केलेला.

"पाळणेवाल्यांनी त्यात गोडवा मिसळलाय," ती नवऱ्याला, निनादला म्हणाली. त्यांच्या तपासणीवर तिचा विश्वास नव्हता. तिने अशा सह्या पडताळणारी कूटलेखनाची ओपन सोर्स लायब्ररी उतरवली, ती अस्सल असल्याचं दोनदा ताडून पाहिलं, इन्स्टॉल केली आणि अंगाई तपासायला दिली.

पडद्यावर उमटलं : सही शर्वरीची. बदल नाही.

"बघ, तूच आहेस ती," निनाद हसला. "आता स्वतःवरच जळणार का गं?"

"तिला सकाळी ऑफिस नव्हतं," शर्वरी म्हणाली.

तिने पाळणा बंद केला आणि रेवाला मांडीवर घेऊन तीच अंगाई म्हणू लागली. रेवा मान वळवून पाळण्याकडे बघत राहिली.