चौघींचा हिरवा ड्रेस

टपाल कचेरीत आम्ही चौघी कारकून होतो. नावाजलेल्या डिझायनरचा हिरवा ड्रेस एकीच्या पगारात बसेना, म्हणून वर्षभर बाहेरचा चहा सोडून चौघींनी मिळून तो घेतला. जिच्या घरी समारंभ, तिचा नंबर. गेल्या आठवड्यात आमच्यातली थोरली झोपेतच गेली. अंत्यदर्शनाला गेलो, तर नवऱ्याने तिला तोच ड्रेस घातलेला. "हिच्या मनासारखं एवढंच होतं घरात," तो हुंदके देत म्हणाला. धाकटीने मला कोपऱ्यात ओढलं. "अगं, त्यात आपलेही पैसे आहेत! पुढच्या रविवारी माझ्या भावाचं लग्न. त्यांना सांग ना, हिला दुसरं काहीतरी घाला." मला तिची शिसारी आली. "लाज नाही वाटत?" मी तिला झिडकारलं. मग निरोप घ्यायला वाकले. नवऱ्याला वाटलं, मी थोरलीचा हात कुरवाळतेय. मी मात्र बाहीवर डाग पडलाय का, हे बघत होते.