पिशवीतले पांढरे कण

सातव्या महिन्यातच जन्मलेलं, नऊशे ग्रॅमचं लेकरू शिरेतून मिळणाऱ्या पोषणावर तगून होतं. आणि त्याची तयार पिशवी फार्मासिस्टने बापाच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात फेकली.

"अहो, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून पांढरे कण झालेत तिच्यात. एक जरी शिरेत गेला तर बाळ..."

"माझं पोर उपाशी मारतोस काय रे!"

बापाचं टाळकंच सटकलं. पहिल्या ठोशात चष्म्याचा चुरा झाला, दुसऱ्यात नाक फुटलं, तिसऱ्यात फार्मासिस्ट स्टीलच्या टेबलावर तोंडघशी आपटला. बापाला ओढून बाजूला करायला चार वॉर्डबॉय लागले.

अर्ध्या तासाने नाकात कापूस कोंबलेला फार्मासिस्ट भिंत चाचपडत बाहेर आला आणि नवी पिशवी त्याने बापाच्याच हातात दिली.

"मी सांगितलं तशी नर्सने भरली आहे, पण भरणाऱ्याने तपासायची नसते. माझा एक डोळा उघडत नाही, दुसऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नाही..."

 

"...उजेडात धरा आणि नीट बघून तुम्हीच सांगा, लावू का बाळाला?"