उसनं आडनाव

हजेरी कारकुनाने सहावं नाव वाचलं, आणि कोणीच रडलं नाही.

पाच नावांना पाच किंकाळ्या उठल्या होत्या. मृतांची नावं ऐकायला खाणीच्या फाटकासमोर जमलेली गर्दी दरवेळी एका जागी फाटायची, मधोमध कोणीतरी मटकन खाली बसायचं, आणि बाकीचे जीव मुठीत धरून पुढच्या नावाकडे कान लावायचे. सहाव्याला मात्र नुसती शांतता. माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली.

"कोण हो हा?" एका म्हाताऱ्या खाणकामगाराने विचारलं. "आडनाव तर आपलंच आहे. मग भावकीतला असून मला कसा ठाऊक नाही?"

"आजोबा, कुठली भावकी घेऊन बसलात," मागून कोणीतरी चिडून बोललं. "इथे दगड उचलला तरी खाली हेच आडनाव निघतं."

खोटं नव्हतं ते. ही खाण पहिल्यांदा सात सख्ख्या भावांनी खणली. जुन्या बोलीत त्या आडनावाचा अर्थ पुढे दिवा धरणारा. तेव्हापासून रीतच पडली, की खाली उतरेल तो याच घराण्याचा. जमीन आपल्या माणसाला ओळखते, असं मालक म्हणायचे आणि कामगारही म्हणायचे. हजेरीपटात आता या आडनावाची चारशे माणसं होती. सात भावांचा वंश एवढा कसा फोफावला, हे एकट्या कारकुनाला माहीत होतं. त्यातली निम्मी माणसं त्याच्या पेनातून जन्मली होती.

तो स्वतः त्या घराण्यातला, अस्सल. पण दारात उपाशी माणूस उभा राहिला की त्याला परत पाठवणं त्याच्याने होत नसे. एवढं खोटं देव पदरात घेईल, अशी त्याची खात्री होती. हा सहावा असाच आला होता, तीन महिन्यांपूर्वी, बायकोला घेऊन दूरच्या मुलखातून. उंचच्या उंच, चौकटीतून वाकून आत शिरलेला. त्याने सांगितलेलं खरं नाव कारकुनाने लिहून घेतलं नाही. कारकुनाने घरच्या पेटीतून लहानपणीच गेलेल्या पुतण्याचा जन्मदाखला काढून त्याच्या हातावर ठेवला.

"घे. आजपासून तू माझा पुतण्या. आता चारचौघांत काका म्हणायचं, आणि अधूनमधून भांडायचंसुद्धा."

माणूस हसला. मग जाता जाता दारात थबकला. "बायकोला कळू देऊ नका काका. बापाचं नाव पुसलंस म्हणेल. ती देवाधर्माची आहे, खोटं तिला पचत नाही."

खाली सगळे त्याला 'उंट' म्हणायचे. खरं-खोटं कुठलंच नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याची बायको आता गर्दीतून वाट काढत कारकुनाच्या टेबलापाशी आली. रोज दुपारी ती डबा आणून फाटकावर द्यायची. आजचाही तिच्या हातातच होता.

"काका, झाली का हो सगळी नावं?"

"झाली."

"सहाच?"

"सहाच."

तिने डोळे मिटले. ओठ बराच वेळ पुटपुटत राहिले. डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावरचं हसू तिला आवरेना. भोवती रडारड चाललेली, म्हणून तिने हाताने तोंड झाकलं.

"मागच्या तोंडाने वर येत असतील मग आमचे हे. सगळ्यांच्या शेवटी यायची खोडच आहे त्यांना." तिने आवाज खाली आणला. "पण काय हो हा घाला, एकाच घराण्यावर! आमचं आडनाव वेगळं, म्हणून वाचलो म्हणायचं."

खाणीच्या मागच्या तोंडाने शेवटचा माणूस वर येऊन तास होऊन गेला होता. आणि आतल्या कोठारात, चादरीखाली, स्ट्रेचरच्या बाहेर आलेले लांब पाय कारकुनाने स्वतः पाहिले होते. त्याने तोंड उघडलं. पण नजर तिच्या हातातल्या डब्यावर गेली, आणि त्याने ते मिटलं.

"सहाव्याचं कोणीच नाही का?" कोठाराच्या दारातून पहारेकऱ्याने ओरडून विचारलं. "मग याला न्यायचं कोणी?"

गर्दीतून कोणी पुढे आलं नाही. पाच जणांभोवती पाच घोळके होते. सहाव्याच्या वाट्याला रिकामी जागा.

"असं कसं कोणी नाही?" ती म्हणाली. "कुठल्या तरी आईने नऊ महिने पोटात वागवला असेल ना त्याला?" तिने डबा टेबलावर ठेवला. "माझा माणूस आज धडधाकट घरी येतोय. देवाने माझ्यावर एवढी दया केली, आणि मी एवढंही करू नये? मी बसते त्याच्यासाठी."

"बाई, तू..." कारकून अर्धवट उठला.

"राहू द्या काका, मला काही घाई नाही."

ती तिथेच मातीत बसली. केस मागे सारले, डोळे पुसले. परक्यासाठी आणलेलं असलं तरी पाणी खरंच आलं होतं डोळ्यांत.

"त्याचं नाव तेवढं परत सांगा. मघाशी नीट ऐकलं नाही मी. नाव घेऊन रडलं म्हणजे त्याला पोचतं."

कारकुनाने यादी टेबलावर पालथी घातली. चष्मा काढला. टेबलाला वळसा घालून तो तिच्यासमोर मातीत बसला, आणि त्याने कधीच कुठे न लिहिलेलं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, हळूच उच्चारलं.