गोळ्यांचा गुण

आई वारली आणि बाबांनी जी खुर्ची धरली, ती सोडायला तयारच नव्हते. लेकीने मग हट्टाने गुडघ्यांच्या गोळ्या, हाडांसाठी पावडर आणि पावलं मोजणारं घड्याळ कुरिअरने धाडलं. घड्याळ बाबांच्या मनगटावर, आकडा तिच्या मोबाइलवर.

पहिल्या महिन्यात दिवसाला चारशे पावलं. दुसऱ्यात तीन हजार. चौथ्यात दहा हजारांच्या वर! फोनवर बाबा मोजकंच बोलायचे, पण गोळ्या संपत आल्या की न चुकता सांगायचे. लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ऑफिसात जो भेटेल त्याला ती मोबाइल दाखवायची. "पंचाहत्तराव्या वर्षी! गोळ्यांचा गुण म्हणतात तो हा."

सुट्टी काढून ती न कळवताच घरी गेली. बाबांनी दार उघडलं, तिच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं. मग वळून स्वयंपाकघरात गेले, बाल्कनीत गेले, बाथरूमचं दार ढकलून पुन्हा बाहेर आले.


"बरं झालं आलीस. गोळ्या आणल्यास ना? पाय भरून आलेत गं. सकाळपासून शोधतोय, तुझी आई कुठेच सापडत नाहीये."