बाही

तालमीच्या कट्ट्यावर दोन कंपन्यांच्या फुटबॉल जर्स्या मांडल्या होत्या आणि रंगाअण्णा साळोखे त्यांच्याकडे शिळ्या भाकरीकडे बघावं तसे बघत होते. एकेकाळचे गोलकीपर, आता पेठेचा संघ त्यांच्याच शब्दावर चालायचा.

“आमच्या कापडाला घाम चिकटत नाही,” पहिल्या कंपनीचा माणूस म्हणाला.

“परदेशातले क्लब आमचंच घालतात,” दुसऱ्यानं छाती फुगवली.

“परदेशातलं ऱ्हाऊ द्या. हितं पलीकडच्या पेठेचे डिफेंडर मागनं ओढत्यात,” असं म्हणून अण्णांनी पहिली जर्सी खेचली. ती रबरासारखी ताणली गेली आणि जागेवर आली. दुसरी खेचली, तर बाही टर्रकन फाटून हातात आली. दुसऱ्या माणसाचं तोंड पडलं.

“हीच द्या,” हातातली फाटकी बाही हलवत अण्णा म्हणाले. म्हाताऱ्याचं डोकं पार बिघडलं, असं पोरं आठवडाभर कुजबुजत होती.

फायनलला अगदी शेवटी, गोलच्या तोंडाशी, अण्णांच्या स्ट्रायकरला पलीकडच्या पेठेच्या डिफेंडरनं मागून ओढलं. दरवर्षी ओढायचे आणि दरवर्षी पंच म्हणायचे, दिसलं नाही. यंदा डिफेंडर अख्खी बाही हातात धरून उभा होता. पेनल्टी द्यावीच लागली. गोल झाला. कप पेठेत आला.

दुसऱ्या दिवशी त्या फाटक्या जर्सीच्या कंपनीचा माणूस हात जोडत आला. “अण्णा, माफ करा. पुढच्या वेळी शिलाई पक्की करतो.”

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“लेका, तुला तुझाच माल कळंना व्हय? शिलाईला हात लावलास, तर ऑर्डर त्या रबरवाल्याला!”