तिच्या जागी

"पुन्हा," सर म्हणाले. "आणि ते 'अं' बाहेर चपलांपाशी ठेवून ये."

ती हसली नाही. डोळे मिटून म्हणाली, "अं… अगं, मीच. जेवलीस का?"

सरांनी मान हलवली. पडद्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन गालिच्यावर पसरलं होतं. भिंतींवर जुन्या रजया ठोकलेल्या होत्या, त्यामुळे रस्त्यावरचा आवाज आत यायचा नाही आणि आतला रस्त्यावर जायचा नाही. या खोलीत बोललेला शब्द घुमत नाही, जागच्या जागी विझतो, असं सरांना नेहमी वाटे. रेडिओवर नाटकं करण्यात हयात गेली; निवृत्त झाल्यावर ते इथे बसून दुसऱ्यांचे आवाज घडवत होते.

ही तिशीतली मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा अर्धं वाक्य बोलायची आणि अर्धं गिळायची. तरी काम त्यांना समजलं होतं. आधी जी बोलायची ती आता नाही. तिच्या जागी हिला बोलायचं आहे, आणि ऐकणाऱ्याला फरक कळता कामा नये.

"बरीच वर्षं चाललेलं दिसतंय," सर म्हणाले होते.

"अं… बरीच. रोज."

"मग मधल्या दिवसांत काय केलंत?"

"घसा बसलाय असं सांगून वेळ मारून नेली."

सर खूश झाले. "आमचा एक नट ऐनवेळी रुसून गेला, तेव्हा त्याच्या पात्राची आम्ही परगावी बदली करून टाकली होती! बरं, बोलायचं कुठून? स्टुडिओतून?"

"फोनवरून."

हल्ली सगळंच फोनवरून चालतं. सरांनी पुढे विचारलं नाही.

नमुन्यादाखल तिने आधीच्या बाईंचं रेकॉर्डिंग आणलं होतं. 'लिंबं संपलीत, लक्षात ठेव.' 'पोचलीस की कळव, नाहीतर मी आपली जागीच.' आणि मागे भांडी वाजत असताना, 'अगं, मीच. जेवलीस का?'

"लिहिणारा कसलेला आहे," सर म्हणाले. "इतकं साधं लिहायला छाती लागते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

शिकवणं सोपं नव्हतं. आवाजाची जात तीच होती, पण भीतीने तो घशातच दडून बसायचा. प्रत्येक वाक्याआधी ते 'अं' यायचंच, दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखं. सर रागावत नसत. तिला पाणी देत, श्वास पोटात घ्यायला लावत, आणि पुन्हा तेच वाक्य म्हणायला सांगत.

"मी पकडली गेले तर?" तिने एकदा विचारलं.

"तर काय, काम दुसरीला मिळेल."

"दुसरी कोणी नाहीये, सर."

"मग तुलाच जमायला हवं. नीट ऐक. 'जेवलीस का' म्हणताना ही बाई सूर वर नेत नाही, खाली आणते. तिला उत्तर ठाऊकच आहे. तिला फक्त समोरचीचा आवाज ऐकायचाय."

ती चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "अगं, मीच. जेवलीस का?"

स्वयंपाकघरातून सरांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, सकाळपासून तिथे जेवणाचीच चौकशी चाललीय. कधी मलाही विचारा की!"

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मग एका दुपारी सरांचा खुर्चीतच डोळा लागला. झोपेच्या काठावर त्यांच्या कानांवर त्या बाईंचा आवाज पडत होता, सावकाश, घरातून फिरत असल्यासारखा. रेकॉर्डिंग बंद करावं म्हणून त्यांनी हात लांबवला, तर ते बंदच होतं. खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून ती एकटीच बोलत होती. पडदा हलत होता.

"झालं," ते हळूच म्हणाले. "आता तुला माझी गरज नाही."

तरी ठरलेल्या दिवशी ती त्यांच्याकडेच आली. "इथूनच लावू का फोन? तुम्ही समोर असलात तर धीर येईल."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. स्टुडिओत इशारा द्यायला धरायचे तसा सरांनी हात वर धरला. घंटी वाजत राहिली.

"हॅलो?" पलीकडून कापरा, म्हातारा आवाज आला.

सरांनी हात खाली आणला.

"अगं, मीच. जेवलीस का?" सूर अलगद उतरला. 'अं' कुठेच नव्हतं.

"जेवले. घसा सुटला म्हणायचा तुझा."

"सुटला एकदाचा. गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते गं बाई. न घेऊन सांगते कुणाला! तू दमल्यासारखी वाटतेस."

"दमायला काय झालंय? लिंबं संपलीत, ती आणायला निघालेय."

सरांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. समोर कागदही नव्हता, आणि ही पोरगी बोलत होती! समोरची नटी तर त्याहून पट्टीची. म्हाताऱ्या माणसाचा दम इतका हुबेहूब आणणारं कोणी त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडे शांतता पसरली. सरांना ती शांतताही आवडली. मुरलेली माणसं अशी जागा सोडतात.

"छान जमलं गं तुला," तो आवाज म्हणाला. "अगदी तिच्यासारखं. पण माझी लेक गेली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. घरातले सगळे एकाएकी माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले. तुम्हाला सोसवेना, म्हणून मीही गप्प बसले. आता पुरे, बाळा. आजीशी तुझ्या आवाजात बोल. आणि तुझं ते 'अं' कुठे घालवून आलीस?"