दाराची कडी

जुन्या गाजलेल्या कादंबरीवरच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या मजुरांची गोष्ट. मी सेटवरचा सुतार. झोपडी बांधून दाराला कडीही मीच बसवली. आईच्या भूमिकेसाठी खरीच मजूरबाई घेतली होती. पुस्तकातली आई मागे न वळता निघते आणि मुकादम झोपडी पेटवतो. ही मात्र दर तालमीत वळून कडी लावायची. दिग्दर्शक वैतागला, “मावशी, आता खरंच पेटवणार. वळलात तर सगळं मुसळ केरात!” “साहेब, आमच्या तंबूला जन्मभर पडदाच. दार मिळालंय तर उघडं कसं टाकू?” कॅमेरा सुरू झाला. ती निघाली, वळली नाही. झोपडी भडकली. “झकास!” दिग्दर्शक ओरडला. मी तिच्या घट्ट मिटलेल्या मुठीकडे बघत होतो. तिने ती उघडली, आत कडी. “आगीत जाणारच होती, दादा. तुमच्याच पेचकसानं काढली.” “आणि दार?” “होईल की. कडी तर झाली.”